तीनशे बासष्ट दिवसांचं भाडं

पस्तीस वर्षं मी महापालिकेच्या करनिर्धारण खात्यात काढली. लोकांच्या घरांना कर लावायचा, त्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि शेवटी कर तेवढाच ठेवायचा, हे माझं काम. त्यामुळे माझा मुलगा अवधूत जेव्हा म्हणाला, "बाबा, तुमच्या रिटर्नसाठी सीए बघू या का?" तेव्हा मी त्याला सांगितलं की सीएलाच माझ्याकडे पाठव, चार गोष्टी शिकेल. असा मी. आणि मलाच गेल्या जुलैत आयकर खात्याचा ईमेल आला, की आपण दाखवलेलं घरभाडं आणि भाडेकरूने आमच्याकडे कळवलेलं घरभाडं यांत फरक आहे, तीस दिवसांत खुलासा करा. मी चष्मा पुसून तो तीनदा वाचला. मग अवधूत कामावर जाईपर्यंत फोन उशीखाली ठेवला.

घर गिरगावातलं. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्यातली नवव्या मजल्यावरची एक खोली, हॉल, स्वयंपाकघर. मी दादरला मुलाकडे राहतो आणि गिरगावचं घर भाड्याने देतो. त्या भाड्यातून अवधूतच्या घराचा हप्ता जातो, म्हणून ते भाडं थांबून चालणार नाही. घराची उस्तवार माझ्याने होत नाही, ती एक एजन्सी बघते. एजन्सी म्हणजे मुख्यतः किर्ती तांडेल, वय वर्षं तीस, माझगावची. भाडेकरूकडून भाडं घ्यायचं, आपलं कमिशन आणि नळ-दिवे दुरुस्तीचा खर्च कापायचा आणि उरलेलं माझ्या खात्यात टाकायचं, हे तिचं काम. भाडेकरू मनवा आणि तिचा नवरा शंतनु. भाडं मनवाची कंपनी भरते.

या सगळ्यात एक अट होती. दर वर्षी गौरींचे तीन दिवस घर आमचं.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. पूर्वी चाळीच्या मागे विहीर होती. तिच्या काठावरून सात खडे वेचायचे, ताम्हनात घ्यायचे आणि तोंडातून अवाक्षर न काढता घरी आणायचे. हे काम माझ्या बहिणीचं, राधाताईचं. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी पुढे घंटा वाजवत चालायचो आणि मागे वळून तिला हसवायचा प्रयत्न करायचो. ती हसायची नाही, पण घरात गौरी बसल्या की पहिला धपाटा मला. मग आई ताम्हन धरून गौरींना सगळं घर दाखवायची. हे स्वयंपाकघर, हे धान्याचे डबे, हा दादांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, पगार ठेवायचा खण. दहा बाय बाराच्या दोन खोल्या, पण आई अशा थाटात दाखवायची की मलाही आम्ही श्रीमंत आहोत असं वाटायचं. अजून वाटतं, आठवलं की. घावन-घाटल्याच्या वासासकट आठवतं.

ताई लग्न होऊन माझगावला गेली, तरी गौरींना यायचीच. आई गेली, पाठोपाठ माझी बायको गेली, तरी ताई येत राहिली. पुढे चाळ पाडायची ठरली तेव्हा बिल्डरला घरावर एकच नाव हवं होतं. ताईने हक्कसोडपत्रावर सही केली. रजिस्ट्रार ऑफिसच्या बाकावर आम्ही नंबरची वाट बघत होतो, तेव्हा ती म्हणाली, "वसंता, मला पैसा नको. गौरींचे तीन दिवस माझं माहेर तेवढं ठेव." मी हो म्हणालो. एवढाच आमचा करार, त्याला ना स्टँपपेपर ना साक्षीदार.

टॉवरमध्ये विहीर नाही. खडे आता चौपाटीवरून आणतो. ताईला मी एकदा म्हटलं होतं, की ते जुनं घर राहिलंच कुठे, आपण हवेत नऊ मजले वर माहेर करतोय. तिने सरळ सांगितलं, "जागा तीच आहे. खाली जमीन कुठे बदललीये?"

तर किर्तीने यावर तोडगा काढला होता. कंपनीशी झालेला करार वेगळा आणि मनवाशी माझं एक साधं पत्र वेगळं. गौरींचे तीन दिवस मनवा आणि शंतनु लोणावळ्याला जाणार, त्या तीन दिवसांचं भाडं मी मनवाला परत देणार. किर्तीच्या वार्षिक तक्त्यात त्याची नोंद 'मालकाचा स्वतःचा वापर, तीन दिवस' अशी यायची. ती नोंद मला फार आवडायची.

आता माझी चूक. रिटर्न भरताना मी विचार केला, की घर भाड्याने होतं तीनशे बासष्ट दिवस. उरलेले तीन दिवस तिथे गौरी होत्या, म्हणजे आम्हीच होतो. मग तीनशे पासष्ट दिवसांचं भाडं दाखवणं हे खोटं नाही का? मी तीनशे बासष्ट दिवसांचं काढलं. आणि किर्तीने कमिशन आणि दुरुस्ती कापूनच पैसे दिले होते, म्हणून तेही वजा करून जेवढे हातात आले तेवढेच लिहिले. वर पुन्हा सरकार देतं ती तीस टक्के वजावट घेतली. एवढं करून मी स्वतःवर खूष होऊन चहा प्यायलो.

ईमेल आल्यावर मी आणखी एक शहाणपणा केला. खात्याला पुरावा हवा ना? मी मनवाच्या कंपनीला रीतसर पत्र लिहिलं. जावक क्रमांक घालून. 'वरील तीन दिवस सदर सदनिका आपल्या ताब्यात नव्हती, तसा दाखला मिळावा.' सोबत मनवाच्या पत्राची प्रत जोडली आणि एक प्रत माहितीसाठी किर्तीला.

किर्तीने त्याच दिवशी ऑफिसात बोलावलं.

"काका, हे काय करून ठेवलंत?" तिच्या हातात माझं पत्र होतं. "मला एक फोन करायचा ना!"

"त्यात चुकीचं काय आहे? खरं तेच लिहिलंय."

"खरं आहे हो, पण कंपनीला ते माहीतच नव्हतं! ते बारा महिन्यांचं फुल भाडं भरतात, त्यावर तुमच्या नावाने टॅक्स कापतात, तेच खात्याकडे दिसतं. आणि ऐका, तुमचा हिशोबच राँग आहे. भाडं पूर्ण दाखवायचं. माझं कमिशन, प्लंबर, सगळं त्या तीस टक्क्यांत आलं. वेगळं नाही कापता येत. वरून फक्त तुम्ही भरलेला प्रॉपर्टी टॅक्स वजा होतो."

"आणि तीन दिवस?"

"काका, वर्षात घर भाड्याने दिलं ना, मग ते भाड्याचंच. मध्ये तीन दिवस माहेर केलं, असा रकाना नाहीये फॉर्ममध्ये."

पस्तीस वर्षं मी लोकांना हेच ऐकवत आलो होतो, की साहेब, असा रकाना नाही. आज समोरून ऐकताना कान गरम झाले. सुधारित रिटर्न भरायचं आणि फरकाचा कर व्याजासकट भरायचा, असं ठरलं. पैसे गेले त्याचं वाईट वाटलं, पण ते पचलं असतं.

दहा दिवसांनी कंपनीच्या कायदा विभागाचं उत्तर आलं. करार चालू असताना घरमालकाने घराचा वापर करणं मान्य नाही. तसं झाल्यास करार रद्द करू. ऑगस्टपासूनच्या नव्या करारात तसं कलमच घातलं होतं, आणि मी सही केली. केली, कारण पाच तारखेला अवधूतचा हप्ता जातो. बहिणीने एक सही करून मला घर दिलं होतं. मी एक सही करून तिचं माहेर घालवलं, आणि तेही कुणी मागितलं नसताना दाखला मागायला जाऊन. माझ्यासारखा मूर्ख मीच.

ताईला सांगायला मी माझगावला गेलो. दोनदा आधी निघून परळपर्यंत जाऊन परत आलो होतो, तिसऱ्यांदा पोचलो. ती निवांत वाती वळत बसली होती. भाऊजी आत झोपले होते. मी सगळं सांगितलं. ईमेल, पत्र, कंपनी, कलम. ती वाती वळायची थांबली नाही.

"सही करताना मी काही मागितलं होतं का रे, पैसा वगैरे?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

मी म्हणालो की दादरला अवधूतकडे गौरी बसवू, मोठं घर आहे, लिफ्ट आहे.

"अवधूतचं घर तुझ्या मुलाचं घर आहे, वसंता. माझं माहेर नाही ते." मग तिने वातींचा डबा बंद केला. "चहा टाकते. साखर कमी घालू ना?"

चहाभर ती भाऊजींच्या गुडघ्यांबद्दल बोलली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

गौरींना आठवडा राहिला असताना मनवाचा फोन आला. या मुलीशी माझं वर्षातून दोनदा बोलणं व्हायचं, ते गीझरबद्दल.

"काका, किर्तीने सांगितलं मला सगळं. नवा करार मी पण वाचला. त्यात घरमालकाने यायचं नाही असं लिहिलंय."

"हो, माहितीये."

"पाहुण्यांनी यायचं नाही असं कुठे लिहिलंय? माझ्याकडे कोण पाहुणे येणार ते कंपनी नाही ठरवत. या वर्षी आम्ही लोणावळ्याला जात नाही. तुम्ही दोघं माझ्याकडे या. गौरी घेऊन या. आणि ते तीन दिवसांचे पैसे वगैरे नकोत हं, पाहुण्यांकडून कोण घेतं?"

मी तीनदा थँक्यू म्हणालो. ताईला कळवलं तर ती म्हणाली, "परक्या बाईच्या घरात? ती असताना?" मला वाटलं नाहीच म्हणणार. पण गौरी आणायच्या दिवशी सकाळी चौपाटीवर ती माझ्या आधी येऊन उभी होती, काठापदराची हिरवी साडी नेसून, हातात आईचं ताम्हन.

सात खडे वेचले. ताईचं तोंड बंद झालं. मी घंटा वाजवत पुढे. सिग्नलला थांबलो, गर्दीतून वाट काढली, लिफ्टमध्ये कुठल्याशा शाळकरी मुलीने विचारलं, "आजी, यात काय आहे?" ताई तिच्याकडे बघून नुसती मान हलवत राहिली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पण नेम तो नेम.

नवव्या मजल्यावर दार आधीच उघडं होतं. उंबऱ्याशी मनवा तांब्या घेऊन उभी होती. "आईला फोन करून विचारून घेतलंय सगळं, चुकलं तर सांगा," ती म्हणाली आणि एकदम खाली वाकली. तिने ताईच्या पायांवर दूध घातलं, मग कोमट पाणी. पदराने पाय टिपले, त्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलं. मग तुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "या."

ताईला बोलता येत नव्हतं. ताम्हन दोन्ही हातांत, त्यामुळे डोळेही पुसता येत नव्हते. ती तशीच उभी राहिली, गालांवरून पाणी ओघळत. शंतनु घाबरून मला म्हणाला, "काका, आमचं काही चुकलं का?" मनवाने ताईच्या कोपराला धरलं आणि तिला घर दाखवायला सुरुवात केली. हे स्वयंपाकघर. हा फ्रिज. इथे मी काम करत बसते. हे शंतनुचे बूट, सॉरी, उचलायचे राहिले.

गौरी पाटावर बसल्या, ताईने हळदकुंकू वाहिलं आणि मग ती माझ्याशेजारी येऊन टेकली.

"आई गेल्यापासून माझ्या पायांवर कुणी पाणी घातलं नव्हतं रे, वसंता."

मी म्हणालो, "अगं, पण आपण दर वर्षी येत होतो की."

"येत होतो. तू किल्ली द्यायचास. मी ताम्हन काखेत धरायचे, कुलूप काढायचे, तांब्या भरून आणायचे आणि आपल्याच हाताने आपल्याच पायांवर ओतायचे. मग आत यायचे." ती मनवाकडे बघत होती, जी स्वयंपाकघरात घावनाचं पीठ नीट झालंय का ते फोनवर आईला विचारत होती. "आणि तू तोवर काय करायचास, आठवतंय?"

आठवत होतं. त्या वेळी मी पॅसेजमध्ये विजेच्या मीटरचं रीडिंग लिहून घेत असायचो. इतकी वर्षं मला वाटत होतं, की बहिणीचं माहेर मी सांभाळतोय.