खिळ्यावरचं मंगळसूत्र

ओतूरच्या धरमचंद शेठच्या पोराने, हितेशने, गावाबाहेरच्या शेडमध्ये ते मशीन आणून बसवलं आणि आठवडाभरात त्याच्याबद्दल काय काय उठलं ते विचारू नका. जाळ नाही, धूर नाही, तरी लोखंड लाल होतं म्हणजे काय! कोणी म्हणालं, गळ्यात साखळी असलेली म्हैस त्याच्यापुढून गेली तर संध्याकाळी तिची धार काढताना तापलेलं दूधच पडतं, वर साय धरून. म्हैस कोणाची, असं विचारलं की सांगणारा शेजारच्या बोरी गावाकडे बोट दाखवायचा. बोरीचे लोक ओतूरकडे.

शेडमध्ये कामाला असलेली साळुबाई मात्र दिवसभर त्या मशीनपुढेच बसायची, त्यामुळे तिला त्याचा खरा स्वभाव ठाऊक होता. तांब्याच्या पोकळ नळीचं एक वेटोळं, आतून गार पाणी खेळतं. फवारणी पंपाच्या नळीवर पितळी टोपण चढवायचं, सांध्यात चांदी मिसळलेल्या तारेची कडी बसवायची, कुठे न टेकवता वेटोळ्याच्या मधोमध धरायचं आणि पायाखालचं पेडल दाबायचं. वेटोळं गारच राहतं, मधला धातू मात्र आपल्याआपण पेटतो. कडी वितळून सांध्यात शिरली की पाय उचलायचा. झाला जोड.

एक दिवस सांधा नीट बघायला ती वाकली, पदरातलं मंगळसूत्र झुलत पुढे आलं आणि वेटोळ्यात डोकावलं. पाय पेडलवरच. पापणी लवायच्या आत दोन वाट्यांमधली बारीक कडी लाल होऊन तुटली आणि तापली वाटी गळ्याला चटका देऊन गेली.

साळुबाईला गळ्यापेक्षा वाट्यांची काळजी. एक वाटी सासरची, एक माहेरची; माहेरची जराशी चपटी, तिने लहान पोराला चघळायला दिली होती तेव्हापासूनची. नवरा गोरख पारगावच्या साखर कारखान्यावर ट्रॅक्टरने ऊस ओढायचा. हंगामात घरी फिरकायचा नाही आणि हंगाम संपला तरी त्याला काही ना काही निघायचंच. ही बाई नवऱ्याची आहे, हे गावाला सांगायला गळ्यात तेवढंच होतं. तिने मशीनवरचीच तार घेतली आणि तुटली कडी तिथल्या तिथे जोडली. पिवळ्यावर पांढरा डाग राहिला, हळदीवर दह्याचा थेंब पडावा तसा.

हितेशने त्याच दिवशी भिंतीत खिळा ठोकला. "साळूताई, आजपासून अंगावर धातू नको. आत आलं की सगळं हितं अडकवायचं."

ही बातमी तिच्या सासूला, गोजरबाईला, कोणी सांगितली कोण जाणे. म्हातारी दुसऱ्या दिवशी शेडच्या दारात.

"सवाष्णीच्या गळ्यातलं खिळ्याला टांगता व्हय रं? माजा ल्योक जित्ता हाय अजून!"

"आजी, गळा भाजतोय त्यांचा. धातू नको, एवढंच म्हणणं आहे."

"मशीन हाय का डाकीण? सवाष्णी खातंय व्हय?"

"सवाष्णी नाही खात, आजी. धातू तापवतं."

म्हातारीने कपाळाला हात लावला आणि मग असा काही तोडगा काढला की हितेशनेही मान डोलावली. "मंग हळकुंड बांदल ती. दोऱ्यात ववून. सोनं न्हवतं तवा आमच्या आज्यांनी त्येच बांदलं. बगू तुजं मशीन हळकुंडाला काय करतंय!"

मशीन हळकुंडाला काही करत नव्हतं. गोजरबाईने सोन्याचं मंगळसूत्र स्वतःच्या हाताने देव्हाऱ्यात ठेवलं आणि सुनेच्या गळ्यात हळकुंड बांधलं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सासू असावी तर अशी.

दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला आणि गोरख यायचा तो यायचाच थांबला. एकदा कधीतरी साळुबाई कामावर असताना घरी येऊन गेला म्हणे. आईला भेटला, पाणी पिऊन गेला.

मग एका सोमवारी हितेशने नवी बाई आणली. हर्षाली. पंचविशीची, हसरी.

"साळूताई, हिला शिकवा जरा."

"शिकवते की. कुठली गं तू?"

"पारगावची. ताई, तुमचं नाव आदीच ठावं हाय मला. आमचे हे म्हणले, तितं साळुबाई म्हणून आमच्या भावकीतली बाई हाय, लई चांगली हाय, समदं शिकवील."

"ह्ये कोण?"

"नाव घ्यायला लावता व्हय!" ती पदर तोंडाला लावून हसली. "गोरखराव. कारखान्यावर ट्रॅक्टर हाय त्यांचा."

या भागातले बिबटे दिवसाढवळ्या अंगणातून कुत्रं उचलतात. पण उचललेलं कुत्रं त्याच घरी राखणीला कोणी आणून बांधत नाही. तेवढी छाती बिबट्याला नसते.

भावकीत गोरख अजून दोन होते. साळुबाईने मनातल्या मनात तेवढ्यात दोघांचीही तोंडं आठवून पाहिली.

"धातू काढून खिळ्याला अडकव," ती म्हणाली.

हर्षालीने मंगळसूत्र काढलं आणि अडकवलं. दोन वाट्या. एक जराशी चपटी. मधल्या कडीवर पांढरा डाग.

साळुबाईने ते खिळ्यावरून उचललं. "हिकडं ये. पयलं काम दावते."

"अवो ताई, माजं हाय ते!"

"दिसतंय. बग नीट."

तिने डाग वेटोळ्याच्या मधोमध धरला आणि पेडल दाबलं. सोनं नुसतं तांबूस झालं, पण तिने घातलेला जोड घामासारखा सुटला आणि वाट्या दोन बाजूंना लोंबल्या. हर्षाली किंचाळली. साळुबाईने पाय उचलला, पकडीने मण्यांची तार तोडली आणि चपटी वाटी काढून घेतली. काळे मणी शेडभर पळाले.

"ही माज्या बापानं दिल्याली. दुसरी सासरची. ती तू ने, तिचं सासर आता तुज्याकडं हाय."

हर्षालीचं तोंड पांढरं पडलं. "म्हंजी तुमी… ते म्हणले, आईनं सुनंसाठी राखून ठिवल्याल्या वाट्या हायेत. त्यांच्या आईनंच माज्या गळ्यात घातलं वो."

हे मात्र साळुबाईच्या हिशेबात नव्हतं. ती स्टुलावर बसली. मग पुढची नळी उचलली, टोपण चढवलं, कडी बसवली. "बस. मणी मागनं येचून घे," ती म्हणाली, आणि दिवसभर तिला शिकवत राहिली. काम थांबवून जायला तिला कुठे जागा होती?

संध्याकाळी घरी आल्यावर तिने विचारलं, "आत्या, माजं गळ्यातलं कुटं हाय?"

गोजरबाई माळ ओढत म्हणाली, "देवापाशी. आनि कुटं जानार?"

साळुबाई आत गेली. खलबत्ता बराच वेळ वाजत राहिला.

जेवताना म्हातारीने आमटी दोनदा मागून घेतली. "आज रंग लई झ्याक आलाय गं," म्हणाली, बोटं चाटली, आणि मग तिचं लक्ष सुनेकडे गेलं. "अगं ए, तुज्या गळ्यातलं कुटं गेलं?"

साळुबाईने तिच्या ताटात अजून एक पळी वाढली. "खावा, आत्या. तुमीच तर बांदलं व्हतं."