दारात कोण आहे?

"आलीस? ये. हात धू आधी."

आईचा आवाज. स्वयंपाकघरातून, पाठमोरा. ती वळून कधी बघायची नाही. कांद्याच्या वाफेत उभी असायची नि पायरवावरून माणूस ओळखायची. आई जाऊन किती वर्षं झाली, पण कुनिए मोरीवाकीनं स्टुडिओत कानांवर हेडफोन चढवले की तो आवाज आधी येई, मग बाकीचे.

आज समोरच्या कागदावर एकच ओळ होती. वरखालच्या साऱ्या ओळी काळ्या पट्ट्यांनी झाकलेल्या. ‘वीजबगळा’ हा सिनेमा नववर्षाला ओसाकात झळकणार होता, आणि त्याच दिवशी त्याच्यावरचा व्हिडिओ गेमही. गेममध्ये नायकाच्या, म्हणजे वीजबगळ्याच्या, आईला कुनिएचा आवाज होता. ओळ होती, "आलास?"

काचेपलीकडून दिग्दर्शक नागाता म्हणाले, "म्हणा, मोरीवाकी-सान."

"म्हणते. पण दारात कोण आहे?"

"वीजबगळा. म्हणजे... बहुतेक."

"बहुतेक?"

"सिनेमावाले सांगतच नाहीत हो! गुपित फुटेल म्हणे. मागच्या महिन्यात तो मेला होता. आता जिवंत आहे असं कळतंय. परवा ऐकलं, त्याचं रूप घेऊन शत्रूच येतो."

"आणि मी?"

नागातांनी डोकं खाजवलं. "तुम्ही आधी आंधळ्या होतात. आता नाही आहात. असं वाटतं."

"अहो, जिवंत तरी आहे ना मी?"

"असाल की. चहा तर पिताय!"

शेवटी ठरलं, तीन तऱ्हांनी म्हणायचं. तो आलाय म्हणून. कुणीच आलेलं नाही, नुसता भास झाला म्हणून. आणि आलाय तो आपला नव्हेच, म्हणून. मग सिनेमावाले तोंड उघडतील तेव्हा लागेल ते लावायचं.

भास तिला पहिल्याच खेपेला जमला. परका माणूसही जमला. सरळसाधं "आलास?" मात्र काही केल्या जमेना.

"जरा संशय येतोय आवाजात," नागाता हळूच म्हणाले. "मुलगा घरी आलाय. बस, एवढंच."

"एवढंच," कुनिए म्हणाली.

तिचा शुहेइ मागच्या शरदात, पानं पिवळी पडताना, तोक्योहून परतला होता. बापाच्या अंत्यविधीला न आलेला मुलगा बॅग घेऊन उंबऱ्यात उभा राहिला नि म्हणाला, "आलो." जपानी घरात येणाऱ्याच्या ‘आलो’ला आतून ‘आलास’ जातंच, रुसलेली बायकोसुद्धा ते गिळत नाही. कुनिए म्हणाली होती, "छत्री बाहेर ठेव."

तेव्हापासून रोज गोदामातलं काम उरकून तो येई, "आलो" म्हणे, आणि ती म्हणे, "सूप गार होतंय."

आज सकाळी बूट चढवताना तो म्हणाला होता, "आई, खोली बघितलीय मी. रविवारी जाईन म्हणतो." तो निरोप होता, रुसवा होता, की नुसतंच विचारणं, तिला उमगलं नव्हतं. "डबा घेतलास का?" एवढंच तिनं विचारलं.

"राहू द्या आज," नागाता म्हणाले. "उद्या पुन्हा घेऊ. तोवर सिनेमावाल्यांनी आईच उडवली नाही म्हणजे मिळवली!"

ती हसली. ट्रामनं घरी आली, दिवा लावला, कांदा चिरायला घेतला. तीनही ‘आलास’ डोक्यात एकमेकांच्या पायांत पाय घालत होते. रोज येतो तो कोण? बाप गेला तेव्हा न आलेला तो कुणी परका? की मुलगा आल्याचा मलाच भास होतोय?

दार सरकलं. बूट उतरले. मग लाकडी जमिनीवर डावी टाच किंचित घासली; शाळेत होता तेव्हापासूनची ती खोड.

ती ‘आलो’ची वाट बघत राहिली. ते आलंच नाही. पावलं तिच्या पाठीमागून जिन्याकडे निघाली. पहिली पायरी करकरली.

सुरी थांबली. कुनिएनं मागं वळून पाहिलं नाही.

"आलास?" तिचा आवाज फाटला. दिवसभर वापरून झिजला होता की काय. तिनं कांद्याचा हात पदराला पुसावा तसा ॲप्रनला पुसला.

"ये, शुहेइ. हात धू आधी."