ट्रेविकसाहेबांची बढती

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. पोर्ट्समथच्या या दुकानात येणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाचा आजवर बसलेला नाही. तरी ऐका. मी एक जुनी पितळी दुर्बीण आहे, आणि लेफ्टनंट जोनास ट्रेविक यांना कमांडर मी केलं.

लंडनच्या एका कारागिराने मला घडवलं. माझं भिंग घासता घासता त्याची तीन नखं झिजली. तिथून मी थेट ट्रेविकसाहेबांच्या काखेत आले. युद्धनौकेवर ते चौदा वर्षं लेफ्टनंटच होते. वादळातून जहाज त्यांनी वाचवावं आणि बढती कुणाच्या तरी भाच्याला मिळावी, असा तिथला रिवाज.

‘‘साहेब, तुम्हाला मामा नाही, तिथंच सगळं अडलंय,’’ आमचा तांडेल गॅमन म्हणायचा.

‘‘आहे की. कॉर्नवॉलला मासे खारवतो.’’

‘‘मग धाडा लंडनला, बढत्या देणाऱ्या लॉर्डसाहेबांना, एक पिंप.’’

सन १७९८ मध्ये आम्ही एक फ्रेंच जहाज जिंकलं. तोफांनी आभाळ काळं केलं, आणि शत्रूच्या जहाजावर पहिली उडी ट्रेविकसाहेबांनी मारली. आता विजयाचं पत्र घेऊन जो लंडन गाठेल, त्याची बढती ठरलेली. सगळ्यांनी ट्रेविकसाहेबांकडे पाहिलं. कप्तान होराबिन यांनी मात्र ॲडमिरलच्या भाच्याकडे, एकोणीस वर्षांच्या पेलकडे पाहिलं.

‘‘पेल, तू निघ. मामासाहेबांना माझा नमस्कार सांग. आणि ट्रेविक, ते पकडलेलं जहाज तेवढं बंदरात आणा. बुडवू नका म्हणजे झालं.’’

‘‘बरं, साहेब,’’ ट्रेविकसाहेब म्हणाले. अशी संधी पुन्हा येणार नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी मला डोळ्याला लावलं. माझी काच ओली झाली.

पेल वेगवान होडीतून सुसाट निघाला. आमच्या त्या पकडलेल्या जहाजाची डोलकाठी मोडलेली. पण गॅमन म्हणाला, ‘‘साहेब, त्याच्याआधी पोचलो तर?’’ झालं! झोपायच्या झोळ्या, कप्तानाचा टेबलक्लॉथ, अकरा सदरे, सगळं शिवून आम्ही शीड उभारलं. जहाज असं धावलं की मागे पडलेले मासे धापा टाकत होते.

तिसऱ्या दिवशी प्लिमथ दिसलं. मी बारा मैलांवरून नजर टाकली, तर पेल मामाच्या मेजावर जेवत बसलेला! मी त्याच्या बशीतले वाटाणे मोजले. एकोणचाळीस. मामाच्या शिफारशीशिवाय बढती मिळालेला माणूस त्या पोराने जन्मात पाहिला नव्हता. म्हणून विजयाचं पत्र खिशात ठेवून तो आधी मामाची चिठ्ठी घ्यायला गेला, आणि मामाने त्याला चार दिवस ठेवून घेतलं.

आम्ही पोर्ट्समथला शिरलो. फ्रेंच झेंड्याच्या वर आमचा झेंडा. किनाऱ्यावर टोप्या उडाल्या. टेकडीटेकडीवरच्या बुरुजांनी फळ्यांच्या उघडझापीने एकमेकांना खुणा करत पाव तासात लंडनला खबर दिली. लॉर्डसाहेबांनी विचारलं, ‘‘आणली कुणी?’’ आणि तिथल्या तिथे सही केली. कमांडर ट्रेविक! सही करताना त्यांच्या बोटाला लागलेली शाई मी बंदरातून पाहिली.

आणि आज मी या फळीवर धूळ खात पडले आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी तुमच्या पूर्वजांचे पराक्रम पाहिलेले असतात. त्यांची हेळसांड करू नका. अधूनमधून एखादं फडकं तरी फिरवा.

तेव्हा पुढे बसून ऐकणाऱ्या हेटी नावाच्या मुलीने खरंच आपल्या झग्याच्या टोकाने माझी नळी पुसली. धुळीखाली अक्षरं निघाली. ती तिने मोठ्याने वाचली. ‘‘लेफ्टनंट जोनास ट्रेविक यांना, नौदल सोडताना, खलाशी सोबत्यांकडून भेट. सन १८१५.’’

मग तिने बोटांवर वर्षं मोजली.

‘‘आजी, लढाई तर तू अठ्ठ्याण्णवची सांगितलीस. तेव्हा तू त्यांच्याकडे नव्हतीसच. आणि ते शेवटपर्यंत लेफ्टनंटच राहिले. मग ही गोष्ट रोज तुला सांगायचं कोण?’’