बिनतारी महाराज आणि बळीरामचा शर्ट

मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. महागावकडच्या त्या गावात यंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला होता, आणि लोकांपाशी उरलीसुरली अक्कल होती ती खायला बिनतारी महाराज येऊन बसले होते. समोर पांढरा पडदा. पडद्याकडे पाठ करून, डोळे गच्च मिटून महाराज. पडद्याच्या मागं कॉम्प्युटर घेऊन त्यांचा चेला विक्की, उमरखेडात मोबाईलचं दुकान बुडवून आलेला.

"तारेनं बांधलेलं तुटते!" महाराज भोंग्यातून गरजले. "बिनतारेनं बांधलेलं तुटते का? नाही! हवेतून श्वास येते, हवेतून मंत्र येते, हवेतूनच तुमचा मानूस दिसते. मांडवात तार आनू नका रे बापहो. तार म्हणजे माया!"

महाराजांचा भोंगा, महाराजांचा पंखा आणि महाराजांचा कॉम्प्युटर तेवढे मायेवर चालत होते. त्याकडे कोणी बघत नव्हतं.

दीक्षेची रीत ठरलेली होती. भक्तानं आपला फोन पितळी परातीत ठेवायचा. महाराज कानात मंत्र फुंकणार, विक्की तोच मंत्र फोनात टाकणार. मग फोन परवानगी मागी, आणि भक्तानं हात जोडून दर वेळी 'हाव' म्हणायचं. मंत्र कोणाला सांगायचा नाही, सांगितला की फुटतो. दीक्षा झाली की फोनातले जुने फोटो गायब. "फोन शुद्ध झाला!" महाराज सांगत, आणि लोक एकमेकांना फोनातली रिकामी जागा दाखवत, काशीला जाऊन पाप सोडून आल्यासारखे.

पुढच्या रांगेत सत्यशीला बसली होती. तिचा नवरा बळीराम संक्रांतीनंतर एका पहाटे घरातून निघून गेला. जाताना आपला मोठा फोन पिठाच्या डब्यापाशी ठेवून गेला. सत्यशीलाला फोनाचं हिरवं बटण आणि लाल बटण एवढंच ठाऊक. या फोनाला तर बटणच नव्हतं. चार दिवस तिनं तो पदरानं नुसता पुसला. पाचव्या दिवशी शेजारणीनं तिला मांडवात आणलं.

तिच्या घरात भिंतीवर बुद्ध होता, बाबासाहेब होते. सासूनं बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ करून घेतल्या होत्या. मांडवात येताना सत्यशीला त्या भिंतीकडे बघत नसे. पण महाराजांनी पहिल्याच दिवशी पडद्यावर बळीराम दाखवला होता, हिरव्या डोंगरापाशी निळ्या चौकड्यांच्या शर्टात हसत उभा. हा फोटो तिनं कधीच बघितला नव्हता. "तपाले बसला तो," महाराज म्हणाले होते. "त्याले शोधाचं नाही. पोलिसात जाचं नाही. शोधला का मेला." मग होळी आली, होळी गेली. तिनं शोधलं नाही.

"महाराज," आज ती हात जोडून म्हणाली, "एक डाव पुन्हा दाखवा न. जेवते का नाही, एवढंच पाहाचं हाय."

महाराजांनी घंटी वाजवली. विक्कीची आज गर्दीत धांदल उडाली होती. पडदा उजळला. पडद्यावर लालबुंद, चकचकीत, टोकाशी पांढरट असा एक उंचवटा दिसला.

"पाह्य!" मिटल्या डोळ्यांनी महाराज म्हणाले. "हाच तो पहाड! याच्याच पोटात तुहा धनी बसून राह्यला!"

मांडवानं दंडवत घातलं. बायांनी कानशिलांवर बोटं मोडली. सत्यशीला त्या पहाडाकडे बघत रडू लागली. तेवढ्यात सरपंच भगवानरावांच्या बायकोनं, बेबीताईनं, चष्मा पुसून पुन्हा लावला.

"अवं माय! हा तं यायचा, माह्या मालकाचा, गळू होय! मीनंच काल फोटो काढला, डॉक्टरले दाखवाले!"

"चूप बस न वं!" भगवानराव पुटपुटले. ते आधीच एका बाजूवर कलून बसले होते, आता पार आडवे झाले.

मांडव फिदीफिदी हसला. पण महाराज काही कच्चे नव्हते. "पिंडी तेच ब्रह्मांडी!" त्यांनी हात वर केला. "सरपंचाच्या देहात हिमालय प्रगटला!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच भगवानरावांच्या दारात दोन बाया हळद-कुंकू घेऊन उभ्या होत्या. हिमालयाचं दर्शन पाहिजे म्हणाल्या. भगवानरावांनी आतून कडी लावून घेतली.

ही गंमत ऐकून सगळं गाव हसलं, पण दीपमाला हसली नाही. ती बळीरामची बहीण, उमरखेडकडे शाळेत मास्तरीण. पहिल्या एसटीनं ती भावजयीकडे आली.

"वयनी, बेबीताईनं फोटो कोनाच्या फोनात काढलता?"

"सरपंचाच्याच."

"मंग तो महाराजाच्या पडद्यावर हिमालयातून आला का सरपंचाच्या फोनातून?"

सत्यशीलानं फोन पदराखाली घेतला. म्हणाली, "दीपाताई, एवढं एक राहू दे मले. तो जिता हाय, एवढंच तं सांगते ते."

"सांगते न. पन खरं सांगते का?" दीपमालानं विचारलं. "माहा भाऊ हाय तो. मले बी तो जिताच पाह्यजे, वयनी. म्हनून तं पाहाचं हाय. दादाचा फोन दे. मंत्र सांग."

"मंत्र फुटते."

"फुटू दे."

सत्यशीलानं भिंतीकडे बघितलं. किती दिवसांनी बघितलं. मग नणंदेच्या कानाला लागून तिनं मंत्र सांगितला.

दीपमालानं बळीरामचा निळ्या चौकड्यांचा शर्ट मागितला. शेतातल्या बुजगावण्याला घातला. वर मडक्याचं डोकं, त्याला चुन्याचे दोन डोळे. मडकं चटकन ओळखू येऊ नये म्हणून दूर उभं राहून, ऊन बुजगावण्याच्या मागं ठेवून बळीरामच्या फोनात फोटो काढला आणि दोघी मांडवात गेल्या.

फोन परातीत ठेवला. महाराजांनी घंटी वाजवली. विक्कीला ओळखीचा शर्ट दिसला, त्यानं फोटो पडद्यावर टाकला.

"आला! बळीराम आला!" महाराज डोलू लागले. "पाह्य माय, चेहऱ्यावर कसं तेज हाय! हात पसरून जगाले आशीर्वाद देऊन राह्यला! अन्न सोडलं त्यानं, पानी सोडलं!"

"सोडंलच न महाराज," तानाबाई नावाची म्हातारी मागून म्हणाली, "तोंडच नाही त्याले. मडकं होय ते. डोक्स्यावर कावळा बसेल हाय."

महाराजांनी त्या दिवशी पहिल्यांदा डोळे उघडले आणि मागं वळून बघितलं.

दीपमाला उठून भोंग्यापाशी गेली. "मावशीहो, काकाहो, कोनाचा मंत्र 'बिनतारी एकशे आठ' हाय का?"

"अव माय, हा तं माहा मंत्र!" तानाबाई ओरडली. "फोडला न मेलीनं!"

"तुहा कसा? माहा होय तो!"

"माहा बी!"

सगळा मांडव एकमेकांकडे बघू लागला. प्रत्येकाच्या कानात एकट्याला म्हणून फुंकलेला मंत्र एकच होता. दीपमालानं महाराजांच्या गादीमागचा कलश उचलला. नारळाच्या खाली आंब्याची पानं, पानांखाली एक पांढरी डबी, तिचे दिवे लुकलुकत होते.

"हा तुमचा देव. वायफाय म्हन्ते याले. मंत्र म्हंजे याचा पासवर्ड. विक्कीनं फोनात एक ॲप टाकलं, तुम्ही 'हाव, हाव' म्हनत गेले. मंग फोन मांडवात आला का त्यातलं समदं हवेतून उचलून थ्या कॉम्प्युटरमधी जाते, न फोनातून पुसल्या जाते. पडद्यावर बी याच डबीतून येते. चमत्कार नाही, सोय हाय ते. लोक घरोघरी वापरते. यायनं चोरी केली." तिनं डबीचा पिन उपटला. दिवे विझले. "आता दाखवा महाराज. समोरच तं फोन हाय. दाखवा माहा भाऊ."

महाराजांनी घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. पडदा पांढराच राहिला. विक्की पडद्याखालून रांगत निघाला, तो नेमका भगवानरावांच्या पायात आला. ते धडपडले आणि थेट हिमालयावर बसले. अशी आरोळी उठली की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पण विक्की त्यांच्या खालीच दबला, आणि महाराजांना बायांनी घेरलं.

दीपमालानं पिशवीतून एक तार काढली. साधी, चार्जरची. एक टोक बळीरामच्या फोनाला, दुसरं कॉम्प्युटरला.

"तार नको!" महाराज बायांच्या गराड्यातून ओरडले.

"काहून?" सत्यशीलानं विचारलं. मांडवात येऊन तिनं पहिल्यांदा काही विचारलं होतं.

कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक फोनाचा वेगळा खण होता. बळीरामच्या खणात हिरव्या डोंगराचा फोटो होता, दोन वर्षांपूर्वीची तारीख असलेला. एका वरातीसोबत गेला तेव्हा कोणीतरी काढलेला. पोरांचे फोटो, बैलाचे फोटो. आणि शेवटी, फोटो नसलेलं एक काहीतरी. दीपमालानं ते तारेतून फोनात परत घेतलं आणि दाबलं.

"सत्या..." बळीरामचा आवाज आला. 

"सत्या, तोंडावर सांगतलं असतं तं तू जाऊ देल्लं नसतं. म्हनून यात बोलून ठेवून राह्यलो. तुले हे लावता येत नाही, दीपाले दाखवजो, ते लावून देईन. मी बाबुलालसंग जाऊन राह्यलो, बोअर माराच्या गाडीवर. पैनगंगेच्या पल्याड, आदिलाबादकडे. मानूस काही बरा दिसत नाही मले. फोन काढून घेते म्हन्ते पोरायचे. मी होळीले येतो. होळीले नाही आलो तं... तं वाट नको पाहू. पोलिसात जाजो. मले न्याले येजो."

सत्यशीला खाली बसली. होळीची राख केव्हाच उडून गेली होती.

"हे तुम्ही ऐकलतं?" तिनं महाराजांना विचारलं. आवाज अगदी बारीक होता. "तो मले बोलवून राह्यलता. न तुम्ही म्हनले, शोधू नको?"

महाराजांनी पुन्हा डोळे गच्च मिटून घेतले.

एवढं झालं तरी मागून कोणी म्हणालंच, "काही म्हना, आवाज तं महाराजाच्याच मांडवात सापडला न!" तानाबाईनं त्याच्या पाठीत चप्पल घातली.

पोलीस आले, महाराज आणि विक्की गेले. गावाला मात्र एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. फोटो हवेतून गेला काय आणि तारेतून गेला काय, त्याला वाट असते, आणि ती वाट दाखवता येते. जो वाट दाखवत नाही आणि डोळे मिटायला सांगतो, तो आपल्या घरातलंच काहीतरी उचलून आपल्यालाच दाखवत असतो. दुःखी माणसानं आशा धरावी, पण विचारल्याशिवाय धरू नये. नाहीतर ज्याची आशा धरली, तोच पलीकडे वाट बघत बसतो.

दुपारच्या आदिलाबादकडच्या गाडीत नणंद-भावजय बसल्या. ठाण्यात तक्रार लिहून झाली होती. सत्यशीलाच्या मांडीवर बळीरामचा फोन होता, आणि तिच्या हाताला तार गुंडाळलेली होती. पैनगंगेच्या पुलापाशी रस्त्याच्या कडेला बोअरची एक गाडी उभी दिसली. तिनं कंडक्टरला गाडी थांबवायला लावली, खिडकीतून अर्धी बाहेर वाकली आणि ओरडली,

"ओ भाऊ! बाबुलालची गाडी कोनत्या गावी हाय? बळीराम नावाचा मानूस हाय का तुमच्यात?"

बोअरवाला कानातला बोळा काढून तिच्याकडे बघू लागला.

"बळीराम!" ती पुन्हा ओरडली. "निळ्या चौकड्याचा शर्ट घरी ठेवून गेलता!"