अध्यक्षांच्या सोयीचा लघुग्रह

“बाई, एखादी चांदणी दाखवा अन् वेस्टा म्हणा. लोकाईले काय समजते?” मुख्याध्यापक भागवत सर निमंत्रणपत्रिका हलवत म्हणाले आणि उंद्रीच्या त्या शाळेत एकवीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या केसरबाईंचं डोकंच फिरलं.

पत्रिकेत छापलं होतं, स्नेहसंमेलनात सायंकाळी सात वाजता ‘वेस्टा’ या मोठ्या लघुग्रहाचं दर्शन, संस्थेचे अध्यक्ष भगवानराव यांच्या हस्ते. तेही जानेवारीत! वेस्टा चांगला दिसायचा तर तो आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला यावा लागतो. मग सूर्य मावळताना तो उगवतो आणि रात्रभर आकाशात असतो. असा योग सोळा-सतरा महिन्यांनी एकदा येतो. गेल्या मे महिन्यात तो आला होता. मुलींना दाखवायचा म्हणून केसरबाई मार्चपासून अर्ज करत होत्या. सुटीत दुर्बीण कपाटाबाहेर निघणार नाही, असं तेव्हा याच सरांनी ठणकावलं होतं. बाईंनी राग गिळला होता. आता वेस्टा सूर्याच्या पाठीमागे गेलेला, तर यांना तो हवा होता, कारण अध्यक्षांना आजची संध्याकाळ मोकळी होती.

त्यांनी सरांना परोपरीनं सांगून पाहिलं, सध्या गुरू ऐन भरात आहे, त्याचे चंद्र दाखवते, पोरी खूश होतील. सरांचं एकच पालुपद, पेपरात बातमी वेस्टाची गेली आहे.

“बरं,” बाई म्हणाल्या. “वेस्टा जिथं हाय, तिथंच लावते दुर्बीण.”

आणि लावली. सूर्य मावळून तास होत आला होता. बाईंनी मैदानातल्या दुर्बिणीची नळी पश्चिमेला वळवली आणि चांगली खाली झुकवली.

भगवानराव गळ्यातल्या हारासकट वाकले, नळीच्या बाजूच्या भिंगाला डोळा लावला. फोटो निघाले. “वा! पांढरं पांढरं मस्त दिसून राह्यलं,” ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

“ती स्टेजच्या उजेडातली शाळेची भिंत हाय साहेब,” केसरबाई म्हणाल्या. “वेस्टा तिच्या मांगं, सूर्यासंगं बुडाला. आज कोणालेच दिसत नाही. दिसत होता तवा सुटी होती.”

टाळ्या थांबल्या. भागवत सरांनी अध्यक्षांना घाईघाईनं स्टेजकडे नेलं आणि जाता जाता बाईंना दटावलं, उद्या सकाळी प्रयोगशाळेच्या चाव्या ऑफिसात जमा करा. बाईंना भीती वाटली नाही, चीड आली. एवढी वर्षं भिंगं पुसली, ती काय असल्या थापांसाठी?

दुर्बिणीतून बघायला रांगेत थांबलेली नववीतली समीना अजून तिथंच उभी होती. “मंग खरा कवा दिसते, बाई?”

“ऑक्टोबरात. मधल्या आठवड्यात.”

“तवा तुमीच दाखवसान नं?”

केसरबाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. त्यांनी नळी वर उचलली, पूर्वेला उगवलेल्या गुरूकडे वळवली आणि समीनाचा हात धरून चित्र स्पष्ट करायच्या स्क्रूवर ठेवला.

“हे फिरव,” त्या म्हणाल्या. “हळू. मी हात नाही लावत.”