उशीवरची फांदी

झाडाझुडपांचं वेड मला कधीच नव्हतं. मी कपडे दुरुस्त करणारी बाई. पँट आखूड करा, चेन बसवा, संपलं. गॅलरीतल्या स्ट्रॉबेऱ्या भावजयीच्या. सहा कुंड्या खाली, तीन टांगत्या टोपल्या वर. ती गेली आणि आठ वर्षांच्या ठमीसकट सगळं माझ्या गळ्यात पडलं. माझा धाकटा भाऊ लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी.

ठमी, माझी भाची, आई गेल्यापासून वाळत चालली होती. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, हाती काही लागलं नाही. पोर हातची जाते की काय, या धास्तीने माझा जीव थाऱ्यावर नसायचा. आणि मी घाबरले की चिडते. तिच्यावर ओरडायचे, मग नळ सोडून न्हाणीघरात रडायचे.

अशात एक दिवस ती स्वतःहून मागून जेवली. हळूहळू गालांवर रंग आला. मला वाटलं, माझ्या हाताला यश आलं. कसलं काय!

अंथरूण झटकायला गेले तर खिडकीतून एक हिरवी फांदी आत आलेली. स्ट्रॉबेरीला अशा दोरीसारख्या फांद्या फुटतात, टोकाला पिल्लू रोप असतं. भावजय ते शेजारच्या छोट्या कुंडीत केसांच्या पिनेने टाचून ठेवायची. मूळ धरेपर्यंत पिल्लू आईच्याच जिवावर जगतं, त्याआधी कापायचं नाही, असं तिने मला दहादा सांगितलं होतं. मी दहादा 'बरं बरं' म्हटलं होतं.

झाडं उजेडाकडे जातात. ही मात्र टोपलीतून निघून, उन्हाकडे पाठ करून अंधाऱ्या खोलीत शिरली होती. टोकाची तीन पानं ठमीच्या उशीवर, आणि तिथेच अभ्र्यात एक काळी पिन खोचलेली. भावजयीच्या सगळ्या पिना मी माझ्या हाताने टाकून दिल्या होत्या.

ठमीला विचारलं. ती म्हणाली, आई टाचून गेली. तेही असं, जणू दूधवाला येऊन गेला.

अंगावर काटा आला. पण खरं सांगते, भीतीपेक्षा हेवा जास्त वाटला. मी तिच्यासाठी मरमर मरायचे, आणि पोर हसायची ती त्या पानांशी बोलताना. त्यात मनाने घेतलं, की मेलेली बाई लेकीला ओढून न्यायला आलीय. चार दिवस कशीबशी गप्प बसले. पाचव्या दिवशी, भर दुपारी, ठमी पानं गालाखाली घेऊन झोपली होती. माझं डोकं फिरलं. शिवणाची कात्री आणली, "पुरे झालं तुझं" म्हणाले आणि खिडकीपाशीच फांदी कापली.

कापल्या जागेतून पाणी आलं. थेंब नव्हे, धार. कोमट होतं. माझी मनगटं भिजली तरी थांबेना.

ठमीने डोळे उघडले. गालावरचा रंग माझ्या डोळ्यांदेखत उतरत होता. ती रागावली मात्र नाही.

"आत्या," ती म्हणाली, "मला अजून मुळं फुटली नव्हती गं."

तेव्हा माझ्या मेलीच्या टाळक्यात उजेड पडला. भावजय पोरीला न्यायला नव्हती आली, पोसायला आली होती. मी दोन्ही टोकं जुळवून दोऱ्याने बांधायला गेले, ती हातातच काळी पडली. डॉक्टरांना फोन केला, निघतो म्हणाले. ठमीचे हात बर्फ झाले होते. मी तिला मांडीवर घेतलं, तिचा पंजा माझ्या तळहातावर दाबला. म्हटलं, मला धर. घट्ट धर.

तिने धरलं. थोड्या वेळाने तळहातात बारीक बारीक टोचायला लागलं. सुया घुसाव्यात तसं, आधी कातडीत, मग आत, मनगटाकडे. तिची बोटं हलतही नव्हती.

"दुखतंय?" ठमीने विचारलं.

"छे गं," मी म्हणाले. कोपरापर्यंत कळ गेली होती.

तिचे ओठ गुलाबी व्हायला लागले. दाराची बेल वाजली, परत वाजली, डॉक्टर हाका मारत राहिले. मी हात सोडवून घेतला नाही.