डावऱ्या हाताची मूठ

बाजारात त्याला सगळे मूठवाला म्हणत. सुरीचं पातं कुणीही घडवावं, मूठ मात्र ह्याच्याच हातची, असा त्याचा लौकिक. आणि त्याच्या स्वतःच्या घरात बायको चिंध्या गुंडाळलेल्या सुरीने कांदे चिरत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बायको डावरी. विकतच्या मुठींचा फुगवटा उजव्या हाताच्या बेताचा. तो नेमका तिच्या बोटांच्या मुळाशी रुतायचा. म्हणून त्या चिंध्या. "साऱ्या जगाच्या मुठी करता, माझी एक करा की," ती म्हणायची. रस्ता रुंद करताना कोपऱ्यावरची जुनी तुती पाडली, तेव्हा त्याने बुंध्याजवळचा पिळदार रेषांचा ओंडका हेरला. दोघांनी तो एकेका टोकाला धरून घरी आणला. वाटभर तिचा जप चालू होता, "अहो, नीट धरा, माझ्याच पायावर घालाल!" त्याने ओंडक्याचे तुकडे पाडले, तिने मेण वितळवून तुकड्यांची टोकं त्यात बुडवली. टोकं बंद असली की ओल हळूहळू जाते आणि लाकूड तडकत नाही. मग तुकडे कपाटावर सावलीत गेले. "तुझी मूठ ह्यातून," त्याने शब्द दिला.

ओल ओळखायची त्याची रीत साधी होती. तुकडा गालाला लावायचा. ओला असेल तर गार लागतो. पहिल्या वर्षी ती सारखी तुकडा खाली काढायची, गालाला लावायची आणि त्याच्यापुढे धरायची.

"ओलं आहे अजून. घाई केली तर तडकेल."

"लाकूड सुकेपर्यंत मीच सुकून जाईन," ती म्हणायची, आणि दोघंही हसायची.

पुढे पुढे तो मान वर न करताच "ओलं आहे" म्हणू लागला. लाकूड केव्हाच सुकलं होतं. पण गिऱ्हाइकं दारात उभी, आणि बायको काय, घरचीच! घरच्या माणसाला थांबवलं तर कुठे बिघडतं, असं त्याला वाटलं. आपल्या सगळ्यांनाच वाटतं. त्यात काय बिघडतं ते फार उशिरा कळतं.

मग म्हातारपणी बायको विसरायला लागली. आधी शेगडीवरचं दूध, मग घराची वाट, मग सुनेचं नाव. एकदा चिरताना बोट कापलं, तर रक्ताकडे दुसऱ्या कुणाचं असल्यासारखी बघत बसली. सुनेने घरातल्या सगळ्या सुऱ्या कुलपात टाकल्या. "बाबा, आईंच्या हाती आता धारेचं काही द्यायचं नाही," ती म्हणाली. तिचं बरोबरच होतं. शेवटी एका सकाळी 'अहो' गेलं आणि 'दादा' आलं. परक्या माणसाला म्हणतात तसं, आदराने, ती नवऱ्याला दादा म्हणू लागली.

त्याच दिवशी त्याने कपाटावरून तुकडा काढला. सुनेकडून जुनी सुरी मागून घेतली आणि चिंध्या सोडवायला घेतल्या. अंगठ्याच्या जागी चिंध्या दबून खळगा झाला होता. तिने आपल्या हाताचं माप इतकी वर्षं तयार ठेवलं होतं, आणि ते घ्यायला हा कधी फिरकलाच नव्हता. तो तिथेच बसून ढसाढसा रडला. मग डोळे पुसून त्याने करवत उचलली. मेणाची टोकं उडवली, कानशीने खळगा धरला, पॉलिश पेपर मारला, जवसाचं तेल मुरवलं. मूठ जुन्या पात्यावर बसवली, पण पात्याची धार मात्र दगडावर घासून मारून टाकली. बोथट सुरी हातावेगळी करायची त्याच्यावर जन्मात पहिलीच वेळ. सुनेने पात्यावर अंगठा फिरवून पाहिला आणि मानेनेच हो म्हटलं.

त्याच्या मनात एकच वेडी आशा होती. हात मूठ ओळखेल, आणि हाताने ओळखली तर तीही आपल्याला ओळखेल.

त्याने तिच्यासमोर उकडलेला बटाटा आणि सुरी ठेवली. तिचा डावा हात आपसूक पुढे आला, अंगठा खळग्यात जाऊन बसला. एकसारख्या फोडी पडू लागल्या. मध्येच ती थांबली आणि तिने मूठ गालाला लावली.

"छान सुकलंय," ती म्हणाली.

तो कानात प्राण आणून ऐकत होता.

"दादा, हातात कला आहे हो तुमच्या. जशी काही माझ्याच मापाची!" तिने पातं फडक्याने पुसलं, आणि मूठ त्याच्याकडे करून सुरी परत दिली. "पण मला नको."

"का हो?" त्याने विचारलं.

"आमच्या ह्यांनी माझ्यासाठी लाकूड सुकत घातलंय. दुसऱ्याची मूठ घेतली तर वाईट वाटेल त्यांना."

"फारच उशीर लावला की त्यांनी."

"त्यांना नाही हं बोलायचं काही," ती एकदम फणकारली. "लाकूड ओलं आहे अजून. त्यांनी स्वतः सांगितलंय मला."